रस्ते चार, नदी एकच: महामार्ग बंद असतानाच्या प्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

महामार्ग बंद झाला तर काय करावे, या एकाच विषयावर या वेळी बरीच पत्रे आली. सप्टेंबर २०२५ मधल्या सीना नदीच्या पुरानंतर हा प्रश्न सोलापूरकरांच्या मनात घर करून बसला आहे, हे उघड आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात असते आणि तिचे बाळंतपण सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अपेक्षित आहे. २०२५ च्या सप्टेंबरात लांबोटीजवळ पुराच्या पाण्यामुळे पुणे महामार्ग बंद झाला, तेव्हा आमचे व्याही रात्रभर मोहोळला अडकून पडले होते. तशी वेळ पुन्हा आली तर पुण्याला जाण्याचा खात्रीचा दुसरा रस्ता कोणता? आम्ही दोघेही साठीच्या पुढचे आहोत आणि गाडी मीच चालवतो.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: रस्त्याचे नाव आधी सांगावे आणि कारणे मागाहून द्यावीत, अशी आपली अपेक्षा असेल. येथे मात्र क्रम उलटा ठेवावा लागतो, कारण सीनेला पूर असताना सोलापुरातून पश्चिमेकडे जाणारा खात्रीचा रस्ता जवळपास नाहीच. सीना अहिल्यानगरकडून येते, माढा आणि मोहोळ तालुक्यांतून खाली उतरते आणि दक्षिण सोलापुरात हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते (शके ९४० चा मराठी शिलालेख ज्या संगमावर आहे, तेच हे गाव). आपले शहर या नदीच्या पूर्वेला आणि पुणे पश्चिमेला. त्यामुळे पुणे महामार्गाने गेलात तर सीना लांबोटीला ओलांडावी लागते, मंगळवेढ्याच्या रस्त्याने गेलात तर तिऱ्ह्याला, विजयपूरच्या रस्त्याने गेलात तर वडकबाळला, आणि बार्शीवरून कुर्डुवाडीकडे वळलात तरी वाटेत तीच आडवी येते. नकाशावर रस्ते चार दिसतात, पण चारही एकाच पाण्यावरून जातात. २०२५ च्या पुरात पुण्याचा रस्ता लांबोटीला आणि विजयपूरचा रस्ता हत्तूर-वडकबाळच्या बाजूला बंद झाला, तो योगायोग नव्हता.

म्हणून रस्ता का बंद आहे, हे आधी विचारावे आणि मगच पर्याय निवडावा. लांबोटीला एखादा टँकर उलटला असेल किंवा पुलाच्या दुरुस्तीसाठी वाहतूक थांबवली असेल, तर सर्वांत सोपा पर्याय तिऱ्ह्यावरून आहे: मंगळवेढ्याच्या रस्त्याने कामतीपर्यंत जावे आणि तेथून उजवीकडे कुरुलमार्गे मोहोळला निघावे. अंतर वीसएक किलोमीटरने वाढते, भीमा ओलांडावी लागत नाही, आणि मोहोळपासून पुढे आपण पुन्हा चौपदरी रस्त्यावर असता. हाच पर्याय पुराच्या दिवशी निरुपयोगी ठरू शकतो, कारण लांबोटीला चढलेले पाणी थोड्या वेळाने तिऱ्ह्यालाच पोहोचणार असते. पूर असेल तर निदान नदीच्या वरच्या अंगाला जाण्यात अर्थ आहे. वैरागमार्गे बार्शी, तेथून कुर्डुवाडी आणि मग टेंभुर्णीला महामार्ग, असा हा मार्ग असून तो सुमारे चाळीस किलोमीटरने लांब पडतो. त्याही वाटेवर सीना आहेच. म्हणून बार्शीत थांबून, कुर्डुवाडीकडून आत्ताच आलेल्या एखाद्या चालकाला पुलाची स्थिती विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सीनेला उगमाकडून वळसा घालायचा तर तुळजापूर, धाराशिव, बीडवरून अहिल्यानगर गाठून पुण्यात उतरावे लागते. तो प्रवास चारशे किलोमीटरच्या पुढे जातो, आणि २०२५ मध्ये ज्या पावसाने सीना फुगली तोच पाऊस धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतही कोसळत होता. या वयात, घाईच्या मनःस्थितीत, हा वळसा मी आपल्याला सुचवणार नाही.

पूर येण्याआधीचे काही तास आपल्या हाती असतात, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. सोलापुरात ऊन पडलेले असते आणि नदीला पूर येतो, हे आपण पाहिले आहे. याचे कारण असे की सीनेचे पाणी आपल्या पावसावर नव्हे, तर वरच्या भागातल्या पावसावर आणि सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांतून सोडलेल्या विसर्गावर वाढते. हा विसर्ग जाहीर केला जातो आणि वर्तमानपत्रांत, आकाशवाणीवर, गावोगावच्या दवंडीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. तो ‘वाढवण्यात आला’ असे एकामागून एक दोनदा वाचलेत, की पुण्याचा प्रवास त्याच दिवशी उजेडात उरकावा किंवा रद्द करावा. आकडा क्युसेकमध्ये दिलेला असतो; तो समजला नाही तरी चालते, वाढतो आहे की घटतो आहे एवढे पाहावे. भीमेच्या बाबतीत हेच गणित उजनीच्या विसर्गावर करावे, आणि त्यात नीरेवरच्या वीर धरणाचा विसर्ग मिळवावा, कारण नीरा-नरसिंहपूरला ती दोन्ही पाणी एकत्र येतात आणि मग पंढरपूरच्या दिशेने निघतात.

परतीच्या प्रवासासाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुण्याहून येताना निर्णय टेंभुर्णीलाच घ्यावा. तेथून कुर्डुवाडीकडे आणि पंढरपूरकडे रस्ते फुटतात, मुक्कामाला जागा मिळते आणि गाडी वळवणेही सोपे असते. मोहोळ ओलांडून पुढे आलात आणि समोर वाहनांची रांग लागली, की मधला दुभाजक सलग असल्यामुळे पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. आपले व्याही मोहोळलाच थांबले, हे खरे तर बरे झाले. एक-दोन किलोमीटर पुढे आले असते, तर रात्र गाडीत काढावी लागली असती.

आपल्यापुरते सांगायचे तर प्रसूतीची अपेक्षित तारीख ठाऊक आहे, तेव्हा पर्यायी रस्त्याचा शोध घेण्यापेक्षा आठवडाभर आधीच मुलीकडे जाऊन राहावे. सोलापूर-पुणे रेल्वेमार्गालाही सीना ओलांडावी लागते, म्हणून आयत्या वेळी आगगाडी मिळेलच असे धरून चालू नये.

प्रश्न: बंद रस्ता चुकवण्यासाठी मी फोनवरच्या नकाशाचा आधार घेतला. त्याने मला उसाच्या फडांमधून नेऊन एका बंधाऱ्यापाशी सोडले. पाणी फार नव्हते, एक दुचाकीस्वार माझ्यासमोर पलीकडे गेला, म्हणून मीही गाडी घातली आणि सुखरूप पोहोचलो. घरी मात्र वडिलांनी चांगलेच फैलावर घेतले. माझी खरोखर एवढी चूक झाली का?
— एक वाचक, मोहोळ तालुका

उत्तर: होय, आणि वडिलांची बाजू घेण्यावाचून मला गत्यंतर नाही. त्यांच्या रागामागचे कारण तेवढे नीट समजून घ्या, कारण चूक नकाशा वापरण्यात नव्हती.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हा पूल नसतो. दगडी किंवा काँक्रीटचे खांब, त्यांच्या खाचांत पावसाळा संपताना बसवायचे आणि पावसाळ्याआधी काढून ठेवायचे बर्गे (पाणी अडवण्याच्या फळ्या), आणि वरून एक अरुंद स्लॅब, अशी त्याची रचना असते. तो स्लॅब बर्गे काढणाऱ्या-घालणाऱ्या माणसांसाठी असतो. गावकरी सोयीसाठी त्यावरून ये-जा करतात आणि कालांतराने त्याला रस्त्याचे रूप येते. वरून घेतलेल्या छायाचित्रात तो पुलासारखाच दिसतो आणि रोज त्यावरून फोन बाळगणारी माणसे जातात, तेव्हा नकाशाने त्याला रस्ता मानले तर नवल नाही. पुरात मात्र त्याची उंची सर्वांत कमी असते आणि तो सर्वांत आधी पाण्याखाली जातो. बहुतेक ठिकाणी कठडे नसतात, आणि असले तरी मागच्या पुरात वाकलेले असतात.

मी स्वतः एकदा अशाच एका बंधाऱ्यावर संध्याकाळी उभा होतो. स्लॅबवरून वाहणारे पाणी घोट्याएवढे दिसत होते. सोबतच्या शेतकऱ्याने हातातली तुरीची काठी दहा पावले पुढे जाऊन पाण्यात टेकवली, तर ती कोपरभर आत गेली. मधल्या एका गाळ्यावरचा स्लॅब खचला होता आणि गढूळ पाण्याने ते झाकले होते. नकाशा त्या वेळीही ‘सरळ जा’ असेच सांगत होता.

पाणी साधारण एक फूट झाले की लहान मोटारीची चाके जमिनीवरची पकड सोडू लागतात, आणि वाहते पाणी दोन फूट असेल तर बहुतेक मोटारी वाहून जाऊ शकतात. दुचाकीस्वार गेला म्हणून मोटार जाईल, हा तर्क म्हणूनच चुकीचा आहे. पाण्याचा जोर घेण्यासाठी मोटारीचे अंग केवढे मोठे असते, ते पाहा. पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, आतले दांडे वाकतात, आणि अशा नुकसानीची भरपाई नेहमीच्या विम्यात सहसा मिळत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळे संरक्षण घेतलेले असावे लागते.

नकाशा वापराच, पण त्याला आपला मार्ग निवडू देऊ नका. आपल्याला ज्या गावांतून जायचे आहे ती गावे थांबे म्हणून मार्गात स्वतः घाला. समजा बार्शी आणि कुर्डुवाडी हे दोन थांबे घातलेत, तर नकाशा आपल्याला मधल्या पाणंदीत शिरवणार नाही. जिल्ह्याचा नकाशा घरी वायफायवर फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण फडांमध्ये नेटवर्क जाते ते नेमके वळणावरच. शिवाय उसाच्या हंगामात हे आडरस्ते आणखी अवघड होतात: दिव्यांशिवाय उभी असलेली ट्रॉली रात्री दिसते ती अगदी जवळ गेल्यावर.

प्रश्न: आमचा टॉवेल आणि चादरींचा व्यवसाय असून माल टेम्पोने हैदराबादला जातो. मध्यंतरी नळदुर्गच्या पुढे अपघातामुळे महामार्ग बंद होता आणि आमचा चालक सात तास रांगेत होता. अशा वेळी थांबावे की वळावे, आणि वळायचे तर कोठून? उशीर झाल्यास ई-वे बिलाचे (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन दाखल्याचे) काय करायचे?
— एक व्यावसायिक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर: अपघातामुळे बंद झालेला रस्ता बहुधा काही तासांत सुरू होतो, म्हणून चालक आधीच रांगेत सापडला असेल तर त्याने तेथेच थांबलेले बरे. निर्णयाचा प्रश्न येतो तो बातमी कळण्याच्या वेळी गाडी अजून सोलापुरात किंवा बोरामणीच्या अलीकडे असेल तेव्हाच. अशा वेळी अक्कलकोटवरून कलबुर्गी आणि तेथून हुमनाबादला महामार्ग धरावा. कागदावर हे अंतर फार जास्त नाही. वेळ जातो तो गावांच्या बाजारात, गतिरोधकांवर आणि कलबुर्गी शहराच्या गर्दीत. आपला कारखाना अक्कलकोट रस्त्यावरच आहे, तेव्हा आपल्याला तर शहरही ओलांडावे लागणार नाही.

कारण पावसाचे असेल तर येथेही नदीचा माग काढावा. नळदुर्गच्या किल्ल्याला वेढणारी बोरी नदीच पुढे कुरनूर धरणात अडते आणि अक्कलकोट तालुक्यातून भीमेकडे जाते. नळदुर्गला तिला पूर असेल, तर अक्कलकोटच्या बाजूला काय स्थिती आहे हे विचारल्याशिवाय टेम्पो वळवू नये. भरलेल्या टेम्पोची उंची किती होते, तेही चालकाला तोंडपाठ असले पाहिजे. आडरस्त्यांवर रेल्वेची फाटके बंद करून भुयारी मार्ग केले आहेत. त्यांच्या तोंडाशी उंचीची लोखंडी कमान असते आणि पावसात तळाशी पाणी साचते. तेथून भरलेली गाडी मागे घेणे म्हणजे काय, हे आपल्या चालकालाच विचारा.

ई-वे बिलाची मुदत साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस, अशी मोजली जाते. सोलापूर ते हैदराबाद हे अंतर तीनशेच्या थोडे पुढे असल्याने आपल्याला दोन दिवस मिळतात आणि सात तासांच्या खोळंब्याने बिल सहसा संपत नाही. संपण्याची वेळ आलीच, तर मुदत संपण्याआधीचे आठ आणि नंतरचे आठ तास, एवढ्या अवधीत संकेतस्थळावर ती वाढवून घेता येते. नैसर्गिक आपत्ती किंवा अपघात, असे कारण तेथे नोंदवावे लागते. हे काम चालकावर न सोडता कार्यालयातल्या एकाकडे नेमून द्यावे. आपल्याकडे अडचण नियमाची नसते. रात्री दोन वाजता पासवर्ड कोणाकडे आहे, हेच कोणाला ठाऊक नसते.

प्रश्न: आम्ही लातूरचे. कोजागिरीच्या सुमारास तुळजापूरमार्गे सोलापूरला जायचे आहे. तेव्हा तो रस्ता बंद असतो, असे ऐकले ते खरे का?
— एक वाचिका, लातूर

उत्तर: खरे आहे. आश्विन पौर्णिमेला सोलापुरातून आणि कर्नाटकातून हजारो भाविक तुळजापूरला पायी जातात आणि त्यांच्यासाठी सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद ठेवला जातो. दिवस आणि वेळा प्रशासन दरवर्षी वेगळ्या जाहीर करते, त्या वर्तमानपत्रात पाहाव्यात. आपल्याला तुळजापूरहून मंगरूळ पाटी, तेथून इटकळ आणि मग हैदराबाद महामार्गाने बोरामणीवरून सोलापूर गाठता येईल. वाहतूक नेहमी याच बाजूने वळवतात. सोलापुरातून बीड-छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्यांनी तुळजापूरच्या वाटेला न जाता बार्शीवरून येडशी गाठावे. तरीही जवळच्या एखाद्या गावातून आडवाटेने मुख्य रस्त्यावर शिरण्याचा मोह झाला, तर अंधारात अनवाणी चालणारी, निम्मी झोपेत असलेली माणसे रस्ताभर असतात हे आठवावे. हा बंद पुरासारखा अवचित येत नाही. पंचांगात पौर्णिमेची तारीख वर्षभर आधी छापलेली असते.

प्रश्न: विजेवर चालणारी मोटार घेतली आहे. वळसा पडला तर चार्जिंगची पंचाईत होईल, या भीतीने पुण्यापलीकडे गेलोच नाही.
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर: भीती अनाठायी नाही, कारण जलद चार्जिंगची केंद्रे महामार्गाला धरून आहेत आणि वळसा आपल्याला नेमका त्यांच्यापासून दूर नेतो. मूळ मार्गाला लागेल त्यापेक्षा साठ-सत्तर किलोमीटरची वीज जास्त राहील, अशा बेताने आधीच्या केंद्रावर थांबावे. वर सांगितलेला बार्शी-कुर्डुवाडीचा वळसा सुमारे चाळीस किलोमीटरचाच आहे, हे लक्षात घेतले तर एवढी शिल्लक पुरते. रांगेत अडकल्यावर गारवा चालू ठेवण्यास वीज लागते, पण गाडी पळवण्याच्या मानाने ती थोडी असते. त्या बाबतीत डिझेलवाल्यांपेक्षा आपण सुखी आहात.

प्रश्न: तीन हजारांचा वार्षिक फास्टॅग पास काढला आहे. वळसा घेतल्यावर दुसऱ्याच नाक्यावर पैसे कापले गेले. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर: तो नाका कोणाचा होता, यावर ते अवलंबून आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला हा पास खासगी मोटार, जीप आणि व्हॅनसाठी असून एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालतो. मात्र तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या नाक्यांपुरताच आहे. राज्याच्या रस्त्यावरचा नाका असेल तर नेहमीप्रमाणे पैसे कापले जातात आणि ते योग्यच आहे. नाका राष्ट्रीय महामार्गावरचा असूनही पैसे गेले असतील, तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पुढचा रस्ता बंद आहे का, हे विचारण्यासाठीही हाच क्रमांक आहे. निघण्याआधी तो फिरवला असता, तर कदाचित त्या दुसऱ्या नाक्यावर जाण्याची वेळच आली नसती.